हात कसा आहे

लुके, २ मार्च २००३

प्रिय निमिया,

तुझं जानेवारीतलं पत्र मिळालं. उत्तराला दीड महिना लावला, रागावू नकोस. तू आणि तुझ्याकडचे सगळे बरे असाल अशी आशा करते. 'तुझ्याकडचे सगळे' हे सवयीने लिहिलं. खरं तर तिथे ब्यूनोस आयर्समध्ये तुझ्याकडे कोण कोण असतं ते मला नीट ठाऊक नाही. तुझ्या पत्रांत नावं येतात ती तुझ्या विद्यार्थ्यांची.

इथे सगळं ठीक आहे. उन्हाळा सरता सरत नाही. दुपारी पत्रा तापला की कोंबड्या चोची उघड्या टाकून भिंतीला टेकून बसतात, आणि मीही जवळपास तशीच.

शेजारच्या सिंफोरिआनाबाई फेब्रुवारीत गेल्या. तुला आठवतील, आपल्या दोघींच्या वेण्या त्यांच्याच अंगणात घातल्या जायच्या. त्यांच्या मुलाने घराला कुलूप लावलं आणि तो गेला. आता गल्लीच्या आपल्या बाजूला मी एकटीच. रोज दुपारी आम्ही कुंपणाशी खुर्च्या टाकून गार पाण्यात भिजवलेल्या पानांचं तेरेरे प्यायचो, एक पेला, दोघींच्यात. गेल्या महिन्यात दोनदा मी एकटीसाठी भरून पाहिलं. पेला पुढे करायला कोणी नसलं की ते नुसतं गार, कडू पाणी असतं. हल्ली करत नाही.

नगरपालिकेतून निवृत्त होऊन वर्ष झालं. एकतीस वर्षं लोकांची जन्मनावं आणि मरणाच्या तारखा लिहिल्या. सुरुवातीला लोक रस्त्यात थांबवून दाखल्यांचं विचारायचे, आता विचारत नाहीत.

तू नेहमीप्रमाणे विचारलंस, हात कसा आहे. थोडा दुखतो. सकाळी उठल्यावर बोटं मिटत नाहीत. आरोग्य केंद्रात दाखवलं. डॉक्टर म्हणाले संधिवात, दोन्ही हातांना. काळजी करण्यासारखं काही नाही.

तुमच्या चर्चच्या वार्षिक कार्यक्रमात एकटीने हार्प वाजवायला तू यंदाही नाही म्हणालीस, 'ती जागा माझी नाही' म्हणालीस, ते वाचलं. त्यावर नंतर लिहीन.

शनिवारी सकाळी मी आता घरी नसते. शाळेत एक वर्ग चालतो, तिथे जाते. कसला ते पुढे कधी सांगेन. हसशील.

स्वतःला जप. तिकडे थंडी लवकर येते.

तुझी मोठी बहीण,
देल्फिना


लुके, २१ जून २००३

प्रिय निमिया,

तू बरी असशील अशी आशा करते. मी बरी आहे. हे पत्र उभ्याने वाचू नकोस. बस, आणि शिकायला मुलं आलेली असतील तर ती गेल्यावर वाच.

तुझं पार्सल परवा पोचलं. करड्या लोकरीचा हातमोजा. एकच, उजव्या हाताचा. सोबत तुझी चिठ्ठी: 'थंडी सुरू होईल. हात कसा आहे?' मी तो घालून पाहिला. बरोबर बसला. इतक्या वर्षांनी तुला माझ्या पंजाचं माप तसंच लक्षात आहे. मग मी तो काढून टेबलावर ठेवला आणि दुपारभर त्याच्यासमोर बसून राहिले. जेवले नाही.

निमिया, माझा हात मोडला नव्हता.

एकदा लिहून झालं. आता पुढचं लिहिता येईल.

तू सोळाची होतीस, मी एकोणीसची. एलीहियो मास्तरांचं अंगण तुला आठवतंच. मी सहा वर्षांची असताना त्यांच्या हार्पवर ऐकलेली चाल बोटांनी शोधून काढली, त्या दिवसापासून मला कोणी काही शिकवलं नाही. मास्तर लोकांना सांगायचे, "देल्फिनाला शिकवावं लागत नाही. तिच्या हातात आहे ते." आई चिपाचे पाव विकायला बसायची तिथे गिऱ्हाइकांनाही हेच सांगायची. आणि तुला मास्तर म्हणायचे, "पोरी, तुझी बोटं म्हणजे मांदिओकाची मुळं. तारा सोड, अंगण झाड." तू हसायचीस. अंगण झाडायचीस आणि परत येऊन बसायचीस.

मला तेव्हा तुझी कीव यायची. तुझ्यासारखं होण्याची भीती पण वाटायची, हे आज लिहिते.

त्या जुलैत विलारिकाहून ओब्दुलिया आली होती, चार दिवस मास्तरांकडे राहायला. काळी, ठेंगणी, दात पुढे आलेली. तिने पोल्का नाचाची ती चाल वाजवली जिच्यात डावा हात खालच्या तारांवर उलटा पळतो. वाजवून झाल्यावर सगळे माझ्याकडे बघायला लागले. मास्तर म्हणाले, "हे आमच्या देल्फिनाला दोन दिवसांचं काम." मी मान हलवली. आणि तू काय केलंस आठवतं? तू सरळ तिच्या पायाशी जाऊन बसलीस.

"कसं करतेस? हळू करून दाखव ना."

"हे असं. अंगठा आधी सोडायचा."

"मला नाही जमत."

"मलाही पाच महिने नव्हतं जमत. आईने हार्प बाहेर ठेवायची धमकी दिली होती."

तू संध्याकाळभर सगळ्यांसमोर चुकत राहिलीस. बाबा हसत होते, शेजारी हसत होते, तू त्यांच्यापेक्षा जास्त हसत होतीस. उठलीस तेव्हा चार सूर जमले होते आणि तू ते चार सूर घरी येईपर्यंत तोंडाने म्हणत होतीस.

मी ओब्दुलियाला काही विचारलं नाही. कसं विचारणार? जिच्या हातात आधीपासूनच आहे तिने विचारायचं नसतं. मी दुसऱ्या दिवशी तुम्ही सगळे शेतावर गेल्यावर दार लावून बसले. दोन दिवस झाले, दहा झाले, तीन आठवडे झाले. माझा डावा हात त्या जागेवर येऊन अडखळायचा. तुला अडखळायला झालं की तू म्हणायचीस, अजून नाही जमलं. मला ते वाक्य माहीतच नव्हतं. मला वाटलं, म्हणजे माझ्या हातात नव्हतंच कधी. सगळ्यांची चूक झाली होती आणि ती आता मी भाग घेणार होते त्या असुन्सिओनच्या स्पर्धेत, रेडिओसमोर, सगळ्या देशाला कळणार होती. ओब्दुलिया तिथे असणार होती.

स्पर्धेला बारा दिवस असताना बाबांनी केलेल्या हार्पच्या पेटीचं झाकण तुझ्या हातून सुटलं. ते खरं आहे. ते खरोखर सुटलं आणि माझ्या उजव्या मनगटावर पडलं, आणि दुखलंही खूप. तुझा चेहरा पांढराफटक झाला होता. तू माझ्यापेक्षा मोठ्याने रडत होतीस.

हाड बसवणाऱ्या पोलिकार्पाबाईंना बोलावलं. त्यांनी मनगट चारी बाजूंनी दाबून पाहिलं. आई पाणी तापवायला आत गेली होती, तू बाहेर पायरीवर होतीस. त्या म्हणाल्या, "काही मोडलेलं नाही. सूज आहे. आठ दिवसांत वाजवायला लागशील." मी त्यांचा हात धरला. मग म्हणाले, "आईला सांगू नका ना." त्यांनी माझं तोंड न्याहाळलं. पट्टी बांधली, गाठ मारली, आणि एवढंच म्हणाल्या, "हे तुझं तू बघ." आई पाणी घेऊन आली तेव्हा मीच सांगितलं, आतून तडकलंय म्हणाल्या. पोलिकार्पाबाई गप्प राहिल्या. त्याच थंडीत त्या वारल्या आणि मला सुटल्यासारखं वाटलं. माणूस मेल्यावर मला बरं वाटलं, निमिया.

मला वाटलं होतं, स्पर्धा एकदा टळू दे. मग बरा झाला म्हणेन. पण तसं झालं नाही. लोक यायचे, माझ्या पट्टीकडे बघायचे आणि म्हणायचे, "काय हात होता. पहिली आली असती." एकदा ते ऐकल्यावर मला कुठेच जायचं राहिलं नाही. मी न वाजवताच पहिली आले होते. हात बरा झाला असता तर ते सगळं परत पणाला लावावं लागलं असतं.

आणि तू. तू माझे केस धुवायचीस. माझ्या पोलक्याची बटणं लावायचीस. माझ्या वाटचं धुणं दोन वर्षं तू धुतलंस. मास्तरांनी तुला पुढच्या वर्षी स्पर्धेला उभं राहतेस का विचारलं, तेव्हा तुझी बोटं मुळं राहिली नव्हती, तेही त्यांना दिसलं होतं. तू म्हणालीस, "ती जागा देल्फीची आहे." मी दाराआड होते. मी बाहेर येऊन एक शब्द बोलू शकले असते.

मी उजव्या हाताने लिहिणंसुद्धा सोडलं होतं. डाव्याने शिकले. वर्षभर वहीमागून वही गिरवली, अक्षर लागेपर्यंत. जी मेहनत एका पोल्कासाठी करायला भ्याले, ती मी एका खोट्यासाठी केली, न कंटाळता.

तू विसाव्या वर्षी गेलीस. आई म्हणायची, तिला तिकडे काम मिळालं म्हणून गेली. मला माहीत होतं तू माझ्या हाताकडे बघू शकत नव्हतीस. तेव्हापासून प्रत्येक पत्रात एकच प्रश्न, आणि प्रत्येक उत्तरात मी लिहीत आले, थंडीत दुखतो. पस्तीस वर्षं. मोजून बघ, किती वेळा.

फेब्रुवारीत डॉक्टरांनी हाताचा एक्स-रे काढला. तरुण मुलगा आहे, बडबड्या. त्याने विचारलं, "पूर्वी कधी मार बसला होता का?" मी म्हणाले, हो, मनगट मोडलं होतं. त्याने फिल्म खिडकीला धरली. "बाई, हे मनगट कधीच मोडलेलं नाही. कोणीतरी तुम्हाला चुकीचं सांगितलं." मी म्हणाले, असेल. घरी येताना बस दोन थांबे पुढे गेली तरी मला कळलं नाही.

आता त्या शनिवारच्या वर्गाचं. तो हार्पचा आहे. संधिवात खरा निघाला, त्याच्या पुढच्या आठवड्यात मी नाव घातलं. का ते मला फार उशिरा समजलं. आता वाईट वाजलं तर दोष द्यायला खरं दुखणं आहे, म्हणून धीर आला. म्हणजे तिथेही मी आधी पळवाट बघून ठेवली आणि मग पाऊल टाकलं. शिकवणारी लिस माबेल, चोवीस वर्षांची. बाकी विद्यार्थी आठ-नऊ वर्षांचे. पहिल्या दिवशी मी मुद्दाम सोपं काही वाजवलं आणि तिच्या तोंडाकडे बघितलं. मला वाटलं ती म्हणेल, तुमच्या हातात आहे. ती म्हणाली, "हे तुम्हाला येतंच. जे येत नाही ते वाजवा."

मी घरी येऊन रडले, पण पुढच्या शनिवारी गेले.

ती पोल्का मी परत सुरू केली आहे. तुला ओब्दुलियाने सांगितलं होतं ते आठवलं, अंगठा आधी सोडायचा. तुझी शिकवणी आठवून मी शिकते आहे, एकोणचाळीस वर्षांनी. रोज पाऊण तास, मग बोटं साथ देत नाहीत. अजून नाही जमलं.

झाकण तुझ्या हातून सुटलं तो अपघात होता, आणि तो आठ दिवसांत संपला होता. त्यानंतरचं सगळं माझं. ती जागा माझी नव्हती. ती तेव्हा रिकामी होती, आणि तू तिच्यापर्यंत पोचली होतीस.

हातमोजा परत पाठवू का, ते कळव. तो ठेवून घ्यायचा मला हक्क नाही, आणि पाठवायलाही हात धजत नाही.

देल्फिना


लुके, १२ ऑक्टोबर २००३

निमिया,

तुझं पत्र गेल्या आठवड्यात आलं. तीन महिने रोज पोस्टमनच्या सायकलीकडे बघत होते. तो शेवटी शेवटी लांबूनच हात हलवून 'नाही' सांगायचा.

तू एकच पान लिहिलंस. मला ते पाठ झालं आहे.

तू लिहितेस, पहिल्यांदा वाचल्यावर तू स्वयंपाकघरातली खुर्ची भिंतीवर फेकलीस आणि तिचा पाय मोडला. तू लिहितेस, 'अजूनही मी कोणत्याही पोराला पेटीचं झाकण लावू देत नाही. स्वतः लावते. पोरं मला हसतात.' आणि तू लिहितेस, 'तू हरायला भ्यालीस हे मला कळतं. मीही भिते. पण ते झाकण तू माझ्या डोक्यावर ठेवून आयुष्यभर उतरवलं नाहीस, हे मला कळत नाही. माफी मागू नकोस. ती ठेवायला माझ्याकडे आत्ता जागा नाही.'

मागत नाही. तू सांगितलंस तसंच करते.

का नाही उतरवलं, ते मात्र विचारलंस म्हणून लिहिते, आणि ते लिहिण्यात माझी बाजू मांडायची नाही. मला वाटत होतं, तू अपराधी राहिलीस तोवर मी मोठी राहते. हात मोडलेली मोठी वादक. तू मोकळी झाली असतीस तर मी कोण उरले असते? नगरपालिकेतली एक बाई. यापेक्षा चांगलं कारण मी पुष्कळ शोधलं. नाही सापडलं.

हातमोज्याबद्दल तू काही लिहिलं नाहीस, म्हणून तो तसाच ठेवला आहे, कपाटात.

तू चर्चच्या कार्यक्रमात एकटीने वाजवलंस, हे पानाच्या अगदी शेवटी, कडेला लिहिलंस. 'वाईट वाजलं. रागात बोटं जड होतात. लोक उभे राहिले. त्या टाळ्यांचं काय करायचं ते मला कळलं नाही, म्हणून घरी जाऊन मुलांसाठी सूप केलं.' मी ही ओळ किती वेळा वाचली ते सांगत नाही.

इथलं लिहायचं तर, सप्टेंबरच्या शेवटच्या शनिवारी वर्गाने पालकांसमोर वाजवलं. शाळेचं आवार, प्लास्टिकच्या खुर्च्या, कोणाची तरी आजी झोपलेली. लिस माबेलने विचारलं, "तुम्ही काय वाजवणार, देल्फिनाबाई?" मी म्हणाले, मला एक सोपं गाणं बसलंय, ते वाजवते. ती म्हणाली, "ते तुम्हाला येतंच." मी पोल्का वाजवली.

त्या जागी येऊन डावा हात अडखळला. तिथेच, जिथे १९६४ मध्ये अडखळायचा. मी थांबले. आवार शांत झालं. पूर्वी या शांततेची मला एवढी भीती होती की तिच्यापायी मी तुझं आयुष्य खर्च केलं. ती आली, आणि निमिया, ती फार तर पाच-सहा सेकंदांची होती. एक पोरगी खुदकन हसली. मी दोन मात्रा मागे जाऊन परत सुरू केलं. दुसऱ्यांदाही नीट आलं नाही, पण मी पुढे गेले आणि शेवटापर्यंत पोचले.

नंतर कोणी म्हणालं नाही की माझ्या हातात काही आहे. एका आईने विचारलं, "या वयात कशाला त्रास घेता?" मी तिला म्हणाले, मला ती जागा जमवायची आहे. ती म्हणाली, बरं, आणि तिच्या मुलाची दप्तरपिशवी शोधायला गेली. मी चालत घरी आले. सांगावं असं वाटलं, पण वाटेत सांगायला कोणी नव्हतं. सिंफोरिआनाबाईंच्या कुंपणाशी थोडी उभी राहिले.

तू लिहिलंस, 'नोव्हेंबरात कदाचित येईन. ठरवलेलं नाही.'

मी तुला ये म्हणत नाही. ये म्हटलं तर ते परत माझ्यासाठी काहीतरी मागणं होईल, आणि तू माझ्यासाठी पुरेसं केलंस. फक्त माहिती म्हणून लिहिते. ब्यूनोस आयर्सची बस सकाळी सहा ते सातच्या दरम्यान असुन्सिओनच्या टर्मिनलवर लागते. लुकेची बस बाहेरच मिळते, पूर्वीसारखं बाजारापर्यंत चालावं लागत नाही. घराला आता निळा रंग आहे.

मी टर्मिनलवर येणार नाही. यायचं मन होतं. आईच्या अंत्यविधीनंतर तुला पाहिलेलं नाही, आणि तू बसमधून उतरताना मला बघायचं होतं. पण मी तिथे उभी असले तर तुला माझ्याकडे यावंच लागेल. तू नेहमीच आलीस. या वेळी तुला उतरून, बाकावर बसून, हवा तितका विचार करता यावा. परतीची बस दहाला सुटते. परत जावंसं वाटलं तर जा. कोणी पाहिलेलं नसेल, आणि मी कधी विचारणार नाही.

देल्फिना